टांगलेली बॅग एक, बांधून दिलेली दुसरी

कॅमेऱ्याच्या बॅगा विकताना केली जाणारी एक लबाडी अशी, की ग्राहकाच्या पाठीवर खरी बॅग चढवून दाखवायची आणि पैसे हातात पडल्यावर तिच्यासारखीच दिसणारी बनावट बॅग बांधून द्यायची. पणजीतील एका दुकानात चवथीच्या आधीच्या खरेदीच्या गर्दीत माझ्या बाबतीत हेच घडले. बॅग दुकानात अंगावर घालून, भार भरून पाहावी हा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यही आहे. मात्र ही फसवणूक नेमकी त्या सल्ल्याच्या आधारानेच केली जाते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. दिवाडी, चोडणचे कांदळवन, रायबंदरच्या रस्त्यालगतची मिठागरे अशा ठिकाणी सकाळभर पायीच हिंडावे लागते. कॅमेरा, लांब पल्ल्याची लेन्स, एक लहान लेन्स, तिपाई आणि पाणी मिळून साधारण सहा किलो भार होतो. एवढा भार नुसत्या खांद्यांवर घेऊन तासन्‌तास चालणे शक्य नसते; त्यातील बराचसा भार कमरपट्ट्यामार्फत कमरेच्या हाडांवर उतरावा लागतो. त्यासाठी कमरपट्टा जाड व ताठ फोमचा असावा लागतो आणि बॅगेच्या पाठीत प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची आधार देणारी पाटी असावी लागते, कारण पाठ लवचीक असेल तर भार पट्ट्यापर्यंत पोहोचण्याआधीच बॅग दुमडते आणि सारे वजन पुन्हा खांद्यांवर येते.

दुकानदाराला हे सारे माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्याने टांगलेली बॅग खाली काढली, तीत माझाच कॅमेरा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या, कमरपट्टा हाडाच्या वरच्या कडेवर येईल असा स्वतः आवळला आणि म्हणाला, "आता खांद्याचे पट्टे सैल करून बघा, बाब." पट्टे सैल केले तरी बॅग जागची हलली नाही. सोबतच्या मित्राने तेवढ्यात माझे दोन-तीन फोटो काढले. किंमत ९,८०० रुपये ठरली. लेबलावरची किंमत बरीच जास्त होती, पण सणाची सवलत म्हटल्यावर त्यात शंका घेण्यासारखे काही वाटत नाही. पैसे दिल्यावर दुकानदार म्हणाला, की टांगलेल्या बॅगेवर धूळ बसली आहे, आतून कोरी मागवून देतो. आतून आलेली बॅग प्लास्टिकमध्ये बंद होती, तिच्यावर त्याच कंपनीचे चिन्ह होते आणि आत ओलावा शोषणारी पुडीसुद्धा होती.

जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडीला उतरून नार्व्याच्या दिशेने चालू लागलो, तेव्हा अर्ध्या वाटेवरच खांदे भरून आले. कमरपट्टा कितीही आवळला तरी पोटावर सरकत होता आणि त्याचा फोम बोटांनी दाबला की चपटा होऊन तसाच राहत होता. घरी आल्यावर पाठीकडच्या अस्तराची उसवलेली कड उचलून पाहिली, तर आधाराच्या पाटीच्या जागी पुठ्ठा होता. आपल्याकडच्या दमट हवेत घाम पिऊन तो फुगला होता, त्याचे पापुद्रे सुटले होते आणि बॅग पाठीला चिकटण्याऐवजी मधोमध कुबड आल्यासारखी वाकली होती.

मित्राच्या फोटोशी ताडून पाहिल्यावर उरलेला फरकही स्पष्ट झाला. खऱ्या बॅगेत खांद्यांच्या पट्ट्यांच्या वर दोन लहान ताणपट्ट्या असतात. त्या ओढल्या की बॅगेचा वरचा भाग पाठीकडे खेचला जातो आणि भार मागे लोंबत नाही. माझ्या बॅगेत त्या होत्या, पण दोन्ही टोकांना शिवून टाकलेल्या, म्हणजे केवळ दिसण्यापुरत्या. कंपनीचे नाव बाहेरच्या मुख्य चेनच्या पकडीवर होते, आतल्या कप्प्यांच्या चेनवर नव्हते. पावसाळी आवरणाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा थरच नव्हता. नळाखाली धरताच ते पाझरू लागले. आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, उत्पादनाचा देश, महिना व वर्ष हे आवेष्टित मालावर छापणे बंधनकारक असते. माझ्या बॅगेच्या लेबलावर फक्त किंमत होती.

दुकानात परत गेलो तेव्हा सणाच्या वेळची गोडी संपली होती. फोटो दाखवताच दुकानदाराने शांतपणे विचारले, "बाब, बिलार कंपनीचें नांव खंय आसा?" आणि ते खरेच नव्हते. बिलावर "कॅमेरा बॅग, १ नग" एवढेच लिहिले होते आणि खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी छापील ओळ होती. माझ्या मते या व्यवहारातील खरी कारागिरी बॅगेच्या शिलाईत नसून या बिलात आहे.

त्या छापील ओळीला घाबरून परत फिरण्याचे मात्र कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. नोटिशीसोबत दुकानातला फोटो, पुठ्ठ्याचा फोटो आणि पैसे दिल्याची बँकेतील नोंद जोडली. पैसे रोख दिले असते आणि फोटो काढलेला नसता, तर हाती काहीच उरले नसते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हेही नोटिशीत नमूद केले होते. बहुधा त्याच वाक्याचा परिणाम झाला असावा.

बॅग घेताना जी अंगावर घालून पाहिली तीच बांधून मागावी. धूळ झटकता येते. दुकानदार कोरी बॅगच देण्याचा आग्रह धरत असेल, तर ती काउंटरवर उघडून त्याच भाराने पुन्हा चढवून पाहावी, पाठीवर मूठ दाबून आतली पाटी ताठ आहे याची खात्री करावी आणि कंपनी व मॉडेल यांची नावे लिहिलेले पक्के बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानदाराने शेवटी पूर्ण रक्कम परत केली, पण बॅग ताब्यात मिळण्याच्या अटीवर. ती देण्यापूर्वी मी काउंटरवरच पक्क्या शाईच्या पेनाने आतल्या अस्तरावर ठळक अक्षरांत "बनावट" असे लिहून खाली तारीख घातली. त्याने हरकत घेतली. तेव्हा हा माल तुम्ही पुन्हा विकणार नसाल तर अस्तरावर काय लिहिले आहे याने काय फरक पडतो, असे मी विचारले आणि त्याने बॅग मुकाट्याने काउंटरखाली सरकवली.