स्कूटरची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घ्यायच्या आधी वाचा, मी फसलोय

सेल्फ मारला की नुसतं टिक टिक, हॉर्न घसा बसल्यासारखा, आणि मेकॅनिक गाडीला हात न लावताच म्हणतो "बॅटरी गेली, बदला". एकदा जाते हो बॅटरी, पण लागोपाठ जायला लागली तर दोष दुसरीकडे असतो, आणि तो न शोधता नवी गळ्यात मारणारा तुम्हाला लुटतोय.

माझ्या मेकॅनिकने पहिल्या बॅटरीचे १०० टक्के घेतले, दुसरी वॉरंटीत म्हणून ५० टक्के, वर चार्जिंगचे आणि फिटिंगचे वेगळे. आणि ती दुसरी नवी नव्हतीच! खोकं आत उघडून आणलं, टर्मिनलच्या शिशावर स्क्रू आवळल्याच्या गोल खुणा, एका बाजूला पांढरी पूड पुसल्याचा डाग, सिरीयल नंबरच्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला. हे सगळं मला दिसलं, मी विचारलंही, तर म्हणे "टेस्टिंगला लावलेली असते, सगळ्या अशाच येतात". आता रोज बॅटऱ्या हाताळणारा माणूस इतक्या ठामपणे सांगतोय, ऑफिसला उशीर होतोय, गाडी उघडी पडलीये, काय वाद घालणार? तिथेच उठून जायला हवं होतं, अजून डोक्यातून जात नाही. वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा, पैसे नंतर.

व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर समोर खिळ्याला लटकत होता, त्याने काढलासुद्धा नाही. शेवटी दुसऱ्या वायरिंगवाल्याने लावला. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, माझी ११.८. इंजिन चालू करून रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा व्हायला हवं, माझा आकडा उलट ११.७ वर आला. म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं! वीज बनवणारी कॉइल ठीक निघाली, ती वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारा रेक्टिफायर उडालेला. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या टाका, उतरणारच. आणि १५ च्या वर जात असेल तर तेही वाईट, बॅटरी आतून सुकते, फुगते.

चार्जिंग बरोबर असूनही उतरत असेल तर चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ती वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावा, सुरुवात १० अँपिअरच्या रेंजवर, आणि सेल्फ मारू नका, मीटर जाईल. चार-पाच मिलिअँपिअर चालतात. ५० दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गळतात, ४ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवसांत उभ्या उभ्या साफ. अलार्म, जीपीएस, बाहेरून जोडलेला मोबाइल चार्जर, आधी हे काढून बघा.

आता तक्रारीचं. बॅटरी कंपनीचा कस्टमर केअर म्हणतो डीलरशी बोला, डीलर म्हणतो कंपनीत टाका, कंपनी म्हणते सिरीयल नंबर जुळत नाही आणि चार्जिंगचा दोष वॉरंटीत बसत नाही. अरे नंबर जुळत नाही हीच तर तक्रार आहे! त्यावर मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे". कोणी केलं, कधी केलं? पोलिसांकडे गेलो तर "हे सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा", आणि तिथे पुरावा म्हणून पक्कं बिल कामाला येतं, माझ्याकडे चिठ्ठी, त्यावर नुसतं "बॅटरी १ नग". पक्क्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, नाही लिहिला तर घेऊ नका.

माझ्या जुन्या दोन्ही बॅटऱ्या त्याच्याकडेच राहिल्या, एक्स्चेंजचा पैसाही वजा केला नाही. त्यातली एखादी नवीन स्टिकर लावून तुमच्यासमोर येऊ शकते, टर्मिनल बघून घ्या.