टाकसाळीतली खरी चूक ओळखायला काटा आणि भिंग: माझा वापराचा अनुभव

नाण्यावरची चूक टाकसाळीत झालेली आहे की नंतर कुणी हातोडी-कानस चालवून केलेली आहे, हे ठरवायला अशी चुकलेली नाणी जमवणाऱ्याला दोन वस्तू पुरतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा आणि दहापट दाखवणारं सोनारी भिंग. दोन्ही मी पदरच्या पैशांनी घेतलीत आणि दोन्ही सतत वापरात आहेत, म्हणून लिहिते.

मी एसटीत वाहक आहे. माझ्या पिशवीत दिवसभर चिल्लर पडत असते. डेपोत रक्कम भरण्याआधी एखादं नाणं वेगळं वाटलं, तर पर्समधलं तेवढ्याच किमतीचं नाणं भरण्यात टाकते आणि ते बाजूला ठेवते. घरी आलं की काटा काढायचा.

काटा २०० ग्रॅमपर्यंतचा आहे, पाचशे रुपयांच्या आत मिळाला. दोन बारीक सेलवर चालतो, झाकण पक्कं बसतं. वस्तू स्वस्त असली तरी एक पथ्य पाळावं लागतं, ते म्हणजे पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा सारखा खालीवर होतो आणि मग आपण नाण्याला दोष देत बसतो. आकडे जुळवायला लागणारं प्रमाण वजन सोबत आलं नाही, ही मोठी उणीव. त्यावर माझा उपाय साधा आहे. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा असतो, तेव्हा असे दहा कोरे रुपये एकत्र ठेवले की ३७.९ च्या आसपास आकडा यायला हवा. माझ्या काट्यावर येतो. ज्याच्या काट्यावर येत नाही, त्याने तो सरळ परत करावा.

वजन इतकं महत्त्वाचं का? फसवणुकीचा बराचसा माल तिथेच उघडा पडतो. एका आठवडी बाजारात मला १९९२ नंतरचं अकरा बाजूंचं दोन रुपयांचं नाणं दाखवलं होतं, ‘पातळ पत्र्यावर छापलेलं, दुर्मीळ’ म्हणून. ते नाणं तांबं-निकेलचं, सहा ग्रॅमचं, २६ मिलिमीटरचं. काट्यावर पाच ग्रॅमही भरलं नाही. पण हलकं म्हणजे चूक, एवढ्यावर थांबायचं नसतं. पत्रा खरोखर पातळ लाटला गेला असता तर नाणं कडेने पूर्ण २६ मिलिमीटर भरलं असतं, कारण छापताना कडेला कॉलरचं कडं असतं आणि धातू पसरून त्याला टेकतो. फक्त ठशाच्या खोल भागातली नक्षी पुसट राहिली असती. हे नाणं तर व्यासानेही कमी होतं. भिंगाखाली अक्षरं सगळीकडून सारखीच बारीक झालेली आणि पृष्ठभाग खरबरीत दिसत होता. नाणं ॲसिडमध्ये बुडवलेलं होतं. मी विक्रेत्याला तसं सांगितलं आणि नाणं परत दिलं.

चुकीच्या चकतीवर, म्हणजे दुसऱ्याच नाण्यासाठी कापलेल्या कोऱ्या गोल तुकड्यावर, छापलेल्या नाण्याचा निकालही काटाच देतो. मात्र इथे एक गोष्ट पाठ हवी. १९९२ पासूनचा स्टीलचा जुना रुपया आणि २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं, दोन्ही २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. तसंच १९८८ पासूनचे स्टीलचे पन्नास पैसे आणि २०११ च्या मालिकेतला रुपया, दोन्ही ३.७९ ग्रॅम. त्यामुळे ‘दोन रुपयांचा छाप, पण वजन रुपयाचं’ असं कुणी म्हणालं तर कुठला रुपया, हे आधी विचारावं. चुंबकही जवळ असावा. स्टीलची नाणी त्याला चिकटतात, तांबं-निकेलची चिकटत नाहीत. तो काट्याजवळ मात्र ठेवू नका, माझ्या काट्याचा आकडा चुंबकाने सरकतो.

आता भिंग. बाजारात ‘३० एक्स’, ‘६० एक्स’ असं ठळक कोरलेली घडीची भिंगं मिळतात. मी पाहिलेल्या एकातही छापलेल्या आकड्याइतकं मोठं दिसलं नाही, कडेला रंगांची झालर दिसते ती वेगळीच. तीन काचांचं, ज्याला ट्रिपलेट म्हणतात ते १० एक्सचं घ्या. महाग पडतं, पण कडेपर्यंत चित्र सरळ दिसतं. बाजूला दिवा असलेलं असेल तर दिवा बंद ठेवून खिडकीचा तिरका उजेड घ्यावा, सावल्या खऱ्या पडतात.

भिंगाची खरी कसोटी लागते ती कड कापलेल्या नाण्यावर. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पंच पडला तर चकती चंद्रकोरीसारखी कापली जाते. घरी कानशीने घासूनही तसंच करता येतं आणि वजन दोन्हीचं कमीच भरतं, म्हणजे काटा इथे गप्प. तेव्हा कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघायची. चकतीला कड उठवताना ती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. माझ्याकडच्या एका रुपयाची कड समोर अक्षरशः विरघळल्यासारखी दिसते आणि कापलेल्या बाजूची अक्षरं तिकडे किंचित ओढली गेली आहेत. घासलेल्या नाण्यावर समोरची कड ठणठणीत असते आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे दिसतात.

लाखी, म्हणजे ब्रॉकेज, हा सगळ्यांचा आवडता प्रकार. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, पुढची चकती त्यावर दाबली जाते, आणि एका बाजूला नेहमीचा छाप तर दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट उमटतो. व्हाइसच्या शिकंज्यात दोन नाणी दाबून याची नक्कल करतात. मग खोलगट छापाखाली मूळ बाजूची नक्षी चपटी होऊन उरलेली असते. भिंग फिरवत तिचा माग काढा. खऱ्या लाखीत तिथे दुसऱ्या बाजूची एक रेघही नसते, कारण त्या ठशाचा चकतीला स्पर्शच झालेला नसतो. मला हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं तेव्हा भिंगाचे सगळे पैसे वसूल झाले.

दोन्ही बाजूंना सिंहच असलेलं नाणं कुणी दिलं, तर कडेच्या आतून भिंग फिरवा, दोन नाणी जोडल्याची बारीक रेघ सापडते. फरशीवर टाकलं तर आवाजही बद्द येतो.

काही गोष्टींना दोन्ही वस्तू लागत नाहीत. ठसा फिरलेलं नाणं ओळखायला नाण्याचा माथा आणि तळ चिमटीत धरून ते डावीकडून उजवीकडे फिरवायचं. आपल्या चालू नाण्यांची मागची बाजू सरळच यायला हवी. आणि सालाखालची टाकसाळीची खूण बघायची सवय ठेवा. मुंबईची पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. ‘खूण छापायची राहिली’ म्हणून कोलकात्याची साधी नाणी जादा भावाने विकलेली पाहिली की मला फार राग येतो. घेणारा बहुतेक वेळा नवशिका मुलगा असतो.

गाडीत लोक मोबाईल पुढे करतात. “ताई, हे वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं म्हणे?” परवा एका आजोबांनी तर रुमालात बांधून आणलं होतं. त्यांना म्हटलं, “आजोबा, हे २०१२ चं स्मारक नाणं आहे. सरकारनेच काढलंय, यात चूक कसलीच नाही. आणि विकून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.” जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क उकळतात, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आजोबा पुढच्या थांब्यावर उतरले, नाणं परत रुमालात बांधून.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: पैसे कमी असतील तर आधी काटा घ्या, भिंग महिनाभराने घेतलं तरी चालेल. व्यास मोजायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर पुरतो, नाण्यावर ओरखडाही उठत नाही. संगणकाला जोडायचा मायक्रोस्कोप मी मैत्रिणीकडे वापरून पाहिला. फोटो छान येतात, पण नाणं हातात तिरकं करत उजेड फिरवता येत नाही. कानशीचे ओरखडे आणि चपटी नक्षी मला तशीच सापडतात, त्यामुळे मी तो घेणार नाही.