लेकुरवाळ्यांच्या नजरेतून जपानचे फॅमिली रेस्टॉरंट

अकरा दिवसांच्या जपान प्रवासात आम्ही बाहेर वीसएक वेळा जेवलो, आणि त्यांतली जी जेवणे खरोखर सुखाने पार पडली ती जवळजवळ सगळी अशा साध्या साखळी दुकानांत झाली, ज्यांची नावे 'टोकियोत काय खावे' छापाच्या याद्यांत सहसा नसतात. सांगलीहून आम्ही चौघे गेलो होतो: मी, माझे यजमान, पाच वर्षांची थोरली आणि पावणेदोन वर्षांचा धाकटा. आम्ही दोघे अंडी आणि कोंबडी खातो, गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. मासे मला चालतात, यजमानांना चालत नाहीत. मुलांचे म्हणाल तर थोरली दहीभातापलीकडच्या प्रत्येक पदार्थाकडे संशयाने पाहते आणि धाकटा हाताला लागेल ते तोंडात घालतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी मते या चार तोंडांच्या हिशेबाने दिलेली आहेत.

जपानी लोक ज्याला 'फामिरेसु' म्हणतात ते फॅमिली रेस्टॉरंटचेच आखडून केलेले रूप आहे. 1970 मध्ये टोकियोच्या पश्चिमेला फुचू येथे स्कायलार्क या साखळीचे पहिले दुकान निघाले तेव्हा तिथे घरोघरी मोटारी येत होत्या, आणि रविवारी मुलाबाळांना गाडीत घालून जावे, गाडी लावायला जागा असावी आणि खिशालाही फार चटका बसू नये, अशा जेवणाची सोय लोकांना हवी होती. आज गुस्तो, जोनाथन्स, रॉयल होस्ट, डेनीज, साइझेरिया या पाट्या शहरांत जागोजागी दिसतात. गर्दीच्या वेळी दारातले यंत्र मोठी माणसे किती आणि मुले किती हे विचारून क्रमांकाची चिठ्ठी देते. जिथे यंत्र नाही तिथे वही असते आणि तिच्यात आपले आडनाव लिहून बाकावर बसायचे असते. यजमानांनी एका ठिकाणी काताकाना लिपीत मोठ्या हौसेने 'पाटील' लिहिले. दहा मिनिटांनी एक मुलगी "पातिरु सामा, पातिरु सामा" असे पुकारत आली आणि तिसऱ्या हाकेला आमच्या ध्यानात आले की हे पातिरु आपणच.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की मूल बरोबर आहे याचा विचार आपण सांगण्यापूर्वीच कोणीतरी केलेला असतो. धाकट्यासाठी उंच खुर्ची आली, तिचा पट्टा शाबूत होता आणि तिच्या लाकडावर आदल्या गिऱ्हाइकाच्या भाताचे एक शीतही चिकटलेले नव्हते. पाठोपाठ प्लास्टिकची वाटी, उथळ ताटली, बोथट काटा, आखूड दांड्याचा चमचा आणि दोन्ही हातांनी धरता येईल असा पेला न मागता टेबलावर आला. भिंतीकडेच्या लांब सोफ्यावर मुलाला आडवे करता येते. आमचा धाकटा दोनदा तिथेच झोपला आणि त्या दोन दिवशी आम्ही नवराबायको कितीतरी महिन्यांनी गरम जेवण गरम असतानाच जेवलो.

वाढप्याला बोलवण्यासाठी टेबलावर बेलचे बटण असते. हे बटण ज्याने शोधले त्याला मूल नसावे. पहिल्या दिवशी धाकट्याने पाच मिनिटांत ते चार वेळा दाबले, आणि चारही वेळा ती वाढणारी बाई लगबगीने आली, वाकली, आमच्या "सुमिमासेन, सुमिमासेन" या क्षमायाचनेवर हसली आणि परत गेली. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, पण आम्हालाच मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे आम्ही बसल्याबसल्या बटण मेनूकार्डाच्या आड ठेवू लागलो. बहुतेक मागणी आता टॅबलेटवरून देता येत असल्याने बटणावाचून काही अडत नाही. स्कायलार्क समूहाने 2022 अखेरपर्यंत आपल्या दुकानांत ताटे आणून देणारे सुमारे 3000 मांजरतोंडे रोबो आणले. असा एक रोबो आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, त्याच्या फळीवरचे ताट आपले आपण उचलून घ्यायचे होते. ते आम्ही घेतलेही, पण थोरलीने "थांब ना माऊ" म्हणत त्याचे कान कुरवाळले आणि मागच्या टेबलाचे सूप मिनिटभर तसेच खोळंबले.

मुलांच्या कार्डातला राजा म्हणजे 'ओकोसामा लंच'. आगगाडीच्या किंवा मोटारीच्या आकाराच्या ताटलीत थोडा थोडा भात, तळलेली कोळंबी, खिम्याची वडी, बटाट्याच्या काड्या, मका आणि जेली असे सगळे असते. जुन्या वळणाच्या ठिकाणी आपण वाटीने पाडतो तशी भाताची मूद पाडून तिच्यावर कागदी झेंडा खोचलेला असतो. हे ताट 1930 च्या डिसेंबरात, ऐन जागतिक मंदीत, टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहात पहिल्यांदा मांडले गेले. मूद म्हणजे फुजी पर्वत आणि त्याच्या शिखरावर झेंडा, अशी त्यामागची कल्पना सांगतात. आमच्या थोरलीने झेंडा काढून केसांत खोचला, जेली आणि मका संपवला आणि भाताला हात लावायला साफ नकार दिला. तो टोमॅटो केचपमध्ये परतलेला असल्याने लाल होता, आणि लाल म्हणजे तिखट हे तिला सांगलीने शिकवलेले आहे. गोड आहे, गोड आहे, अशी वीस मिनिटे विनवणी केल्यावर तिने एक शीत जिभेला लावून पाहिले, आणि मग मात्र अर्धी मूद खाल्ली.

खिम्याची वडी राहिली ती राहिलीच. तिला तिथे 'हाम्बागु' म्हणतात आणि तिच्यात बहुधा गाय आणि डुक्कर यांचे मिश्र मांस असते, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाच ती चालेना. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणणाऱ्या देशात ताटात टाकून उठणे मनाला लागले. बालवाडीत श्लोक म्हटल्याशिवाय घास न घेणाऱ्या थोरलीने तर शेजारच्या टेबलावरचे हात जोडणे पाहून आम्हालाच दटावले होते. त्यानंतर आम्ही मुलांच्या कार्डातले पॅनकेक किंवा उदोन शेवया मागवू लागलो.

इथेच या दुकानांचे आपल्या दृष्टीने असलेले खरे वैगुण्य येते. जपानी रसाचा पाया म्हणजे 'दाशी', आणि तो बहुतेक वेळा कोंबू ही समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे यांपासून काढतात. उदोनचा रस्सा, मिसोचे सूप, अंड्याची गोडसर गुंडाळी, सगळ्यांत तो असू शकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. मदतीला येतात ते अ‍ॅलर्जीचे तक्ते. अंडे, दूध, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा आणि 2023 पासून अक्रोड, या घटकांची नोंद पाकीटबंद पदार्थांवर तिथे कायद्याने करावी लागते. हॉटेलांवर ती सक्ती नसली तरी मोठ्या साखळ्या टॅबलेटवर किंवा संकेतस्थळावर तक्ता देतात, आणि काही तर 28 घटकांचा पूर्ण तक्ता देतात. त्या लांब तक्त्यात गाय, डुक्कर आणि कोंबडी यांचे वेगवेगळे रकाने असतात, त्यामुळे अ‍ॅलर्जी नसलेल्या आमच्यासारख्यांनाही तो फार उपयोगी पडतो. मात्र बोनिटो त्या 28 मध्ये नाही. म्हणजे रकाना कोरा दिसला म्हणून दाशी नाही असे समजू नये, हे काटेकोर शाकाहारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

त्यातल्या त्यात तोडगा म्हणजे कोको इचिबान्या. आइची प्रांतात 1978 साली सुरू झालेल्या या करीच्या साखळीच्या बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक न घालता केलेला वेगळा रस्सा मिळतो, आणि तिखटाची पायरीही निवडता येते. सर्वांत सौम्य पायरी मुलांना चालली. यजमानांनी पहिला घास घेऊन "हळद आपलीच असावी" असा निकाल दिला. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून सांगलीचा माणूस कुठलाही पिवळा रस्सा पाहून असेच म्हणतो, त्याला पुरावा लागत नाही.

पाण्याबद्दल एक सूचना. बसताक्षणी जे फुकट पाणी येते त्यात थंडीच्या दिवसांतही बर्फ असतो. 'ओयु' म्हटले की गरम पाणी मिळते. ते थंड पाण्यात मिसळून मुलांसाठी कोमट करून घ्यावे.

साइझेरिया ही इटालियन धर्तीची अगदी स्वस्त साखळी. तिथला मिलानो दोरिया, म्हणजे वर मांसाचा सॉस घालून भट्टीत भाजलेला भात, 300 येनांना, आपल्या हिशेबाने पावणेदोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. मांसामुळे तो आम्ही घेतला नाही, पण लोण्याचा पाव, मक्याचे सूप आणि साधा पास्ता मुलांना आवडला. या दुकानाचे मी विशेष कौतुक करीन ते मुलांच्या मेनूकार्डाचे. त्यावर दोन चित्रे आणि दहा फरक असे कोडे असते आणि ते अवघडपणाबद्दल जपानभर प्रसिद्ध आहे. थोरलीने तीन शोधले, यजमानांनी आणखी चार. उरलेले तीन जेवण संपले तरी सापडले नाहीत आणि अर्धा तास कोणी मोबाइल मागितला नाही.

फिरत्या सुशीच्या दुकानात आम्ही भीतभीतच गेलो. हा प्रकार 1958 साली ओसाकाच्या बाजूला सुरू झाला. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून शिराइशी योशिआकी या दुकानदाराला ती कल्पना सुचली. आता मात्र बशा फिरताना दिसतीलच असे नाही. 2023 च्या आरंभी एका गिऱ्हाइकाने सॉसची बाटली आणि पेला चाटल्याची चित्रफीत देशभर गाजली आणि त्यानंतर अनेक साखळ्यांनी फिरता पट्टा बंद करून केवळ मागणीप्रमाणे बशा पाठवायला सुरुवात केली. फिरत्या बशांसाठी आलेली थोरली हिरमुसली होती, तेवढ्यात शिनकानसेन या वेगवान आगगाडीच्या आकाराची तबकडी तिच्यापुढे सुर्रकन येऊन थांबली. मग काय, टॅबलेट तिच्या ताब्यात गेला आणि आमच्यापुढे मक्याच्या सहा बशा आल्या. काकडीची गुंडाळी, मका, अंडे, बटाट्याच्या काड्या आणि आइस्क्रीम यांवर न मासे खाणाऱ्याचेही पोट भरते. इनारी ही गोड टोफूची पिशवी वरून शाकाहारी दिसते, पण तीही बहुधा दाशीत मुरलेली असते. बशा साधारण शंभर-सव्वाशे येनांपासून असल्याने मुलाने टाकले तरी जीव हळहळत नाही.

फसलेले जेवण एकच, आणि ते आमच्या हट्टामुळे फसले. क्योतोत कोणीतरी शिफारस केलेल्या एका रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या दुकानात आम्ही पाऊण तास रांगेत उभे राहिलो. आत आठ खुर्च्या, त्याही फळीला लागून ओळीत, पाठीमागे माणूस जेमतेम सरकेल एवढी जागा. बाबागाडी बाहेर ठेवायला सांगितली, धाकट्यासाठी उंच खुर्ची नव्हती, प्रत्येक माणसामागे एक वाडगा घ्यावाच लागेल असे दारात समजले, आणि चारपैकी दोन जागा एका टोकाला तर दोन दुसऱ्या टोकाला मिळाल्या. उकळत्या रश्शाचा वाडगा समोर आणि मांडीवर उसळणारे मूल, या अवस्थेत मी काय खाल्ले ते मला आठवत नाही. मालकाचा दोष म्हणता येणार नाही. ते दुकान एकट्याने येऊन दहा मिनिटांत जेवून उठणाऱ्या माणसासाठीच बांधलेले होते. इझाकाया म्हणजे जपानी मद्यालयांच्या बाबतीत निराळी दक्षता हवी. एप्रिल 2020 पासून हॉटेलांत आत धूम्रपानाला बंदी असली तरी काही जुन्या लहान दुकानांना सूट आहे, आणि जिथे ओढायला मुभा आहे तिथे वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. दारावरची पाटी आधी पाहावी.

मुलांच्या आवाजाबद्दल मला बरेच जण विचारतात. सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात धाकटा रडला की वाढपी "द्या वहिनी इकडे" म्हणून त्याला कडेवर घेतो आणि माशांची पेटी दाखवून आणतो. उंच खुर्ची तिथे एकच, तिचा पट्टा दोन वर्षांपासून तुटलेला. जपानात पट्टा शाबूत असतो, पण मुलाला कडेवर कोणी घेत नाही, आणि ते रडू लागले की शेजारची टेबले अतिशय सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागतात. त्या न पाहण्याचे ओझे मला पहिले दोन दिवस फार झाले. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये ते सर्वांत कमी जाणवते, कारण तिथे दर तिसऱ्या टेबलावर एक रडणारे मूल असतेच, आणि पेयांच्या यंत्रापाशी शाळकरी पोरांची सतत ये-जा असते. मोठ्या मॉलचे फूड कोर्टही त्या दृष्टीने बरे. बुटकी टेबले असतात आणि दूध पाजायची खोली बहुधा जवळच असते. वापरलेले डायपर मात्र आपल्याच पिशवीतून परत न्यावे लागते.

बिल टेबलावर ठेवून जातात आणि पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात. कर बसून खाल्ल्यास 10 टक्के, बरोबर बांधून नेल्यास 8 टक्के. वर बक्षिशी द्यायची पद्धत नाही. पैसे देण्याच्या या जागेबद्दलच माझी एक तक्रार आहे. अनेक दुकानांत गल्ल्याच्या अलीकडे, पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या नेमक्या उंचीवर, खेळण्यांचे कपाट मांडलेले असते. आम्ही त्यापुढे तीनदा हरलो. चौथ्या वेळेपासून यजमान मुलांना घेऊन आधी बाहेर जाऊ लागले आणि पैसे मी एकटीने दिले.