पाचवा तारा खुर्चीने घालवला

सेवा : जेनेटिक काउन्सेलिंग, दोन बैठका. पाचपैकी चार तारे.

आमची लेक सहा वर्षांची. जन्मली तेव्हा लांबी, वजन सगळं जिथल्या तिथे. चालायला लागली ती डुलत, आम्हाला कौतुक. मग उंची मागे पडली, पाय धनुष्यासारखे वाकले. एका दवाखान्यात मुडदूस म्हणून वर्षभर व्हिटॅमिन डी पाजलं. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस पहिल्यापासून नॉर्मल होतं, ते कोणी बघितलंच नाही. शेवटी जनुक चाचणीत नाव निघालं : स्यूडोअकॉन्ड्रोप्लेसिया, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारा जनुकीय आजार. रिपोर्ट नऊ पानांचा, आम्हाला कळलं तेवढं नाव. म्हणून इथे आलो.

काउन्सेलर बाईंनी रिपोर्ट बाजूला सारला आणि एक्स-रे लावला. मणक्यांच्या पुढच्या कडेला जिभेसारखं टोक आलंय, ते पेनाने दाखवलं. ती फिल्म आम्ही दहादा तरी पाहिली असेल, जीभ कधी दिसली नव्हती. मग कागदावर पाच काड्यांची मोळी काढली. कूर्चेत कॉम्प नावाचं प्रथिन असतं, ते असे पाच सारखे तुकडे एकत्र येऊन बनतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, म्हणजे प्रत्येक काडीला छापा-काटा. पाचही काड्या चांगल्या पडायची शक्यता 32 मध्ये 1! बिघडलेला माल कूर्चापेशीच्या आतच तुंबतो आणि पेशी मरते. हाडं लांब व्हायची ती याच पेशींच्या जिवावर. ‘एक प्रत धड असून भागत का नाही?’ हा प्रश्न मला कितीतरी रात्री छळत होता, तो त्या मोळीने सोडवला.

व्होसोरिटाइडचं विचारलं. 2021 मध्ये मान्यता मिळालेलं ते औषध अकॉन्ड्रोप्लेसियाचं, नाव सारखं पण उंची खुंटवणारा तो आजार वेगळा. तिथे दोष एफजीएफआर3 जनुकात असतो, हिचा कॉम्पमध्ये. उपयोग नाही, असं सरळ सांगितलं. बरं वाटलं नाही, पण आवडलं. कधी भूल द्यायची वेळ आली तर आधी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायचा, वरच्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असू शकतो, हेही लिहून घ्यायला लावलं. आम्हा दोघांच्या रक्तात बदल सापडला नाही. तरी दुसऱ्या मुलाला धोका कमी, पण शून्य नाही. बीजपेशींत (स्त्रीबीज, शुक्राणू) लपलेला बदल रक्तात दिसत नाही. ‘शून्य नाही’ हे त्या दोनदा म्हणाल्या.

आता तारा का कापला ते. कमी उंचीची माणसं जिथे येतात तिथे पाय टेकायला एक साधं स्टूल नाही? लेकीचे पाय पाऊण तास लोंबकळत. गुडघे दुखायला लागले तेव्हा मी माझी बॅग खाली सरकवली. शिवाय लेखी सारांश तीन आठवड्यांनी आला आणि त्यात एके ठिकाणी ‘स्यूडो’ गाळलेलं. म्हणजे आजारच बदलला! फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिला, ही जमेची बाजू.

दुसऱ्या बैठकीत लेकीने स्वतःच विचारलं, “मी केवढी होणार?” बाईंनी आमच्याकडे न बघता तिलाच या आजाराचा वेगळा वाढीचा तक्ता दाखवला. मोठ्या बायका साधारण 116 सेंटीमीटर. मग टेपने भिंतीवर तेवढी खूण केली. लेक खुर्चीवरून उतरली, खुणेकडे बघितलं, दाराच्या हँडलकडे बघितलं.

“मग पोचते,” म्हणाली.