पिशवीवर आईचा नंबर

आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या नर्सरीतून (नाव घेत नाही, जुनं भांडण उकरायचं नाहीये) मी कोकमाची बारा रोपं आणि सीतेच्या अशोकाची सहा आणली होती. अशोक सरळसोट वाढले. तिसऱ्या वर्षी शेजारचे गुरुजी आले आणि म्हणाले, "वहिनी, हा सोसायटीच्या भिंतीला लावतात तो. याच्याखाली सीतामाईला सावली कुठून मिळाली असती?" कोकमं दोन वर्षांपूर्वी फुलली, बारातली सात नर निघाली. त्यामुळे चिपळूण तालुक्यातल्या आमच्या वरकस (उताराच्या, हलक्या जमिनीच्या) तुकड्यावर पुन्हा देशी झाडं लावायची ठरली, तेव्हा मी आधी शंभर प्रश्न विचारणार होते. बँकेत एकतीस वर्षं कॅशवर बसलेली बाई आहे मी, नोट उजेडात धरल्याशिवाय घेत नाही.

घाटाच्या पायथ्याशी एक आबा आणि त्यांची सून अशी दोघं मिळून देशी झाडांची रोपवाटिका चालवतात. नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय. रोपं थोडी आहेत, गाड्या भरून लोक आले तर काय देणार, म्हणाले. पण काय बघून रोपं घ्यावीत ते मला तिथे कळलं, म्हणून हे लिहितेय.

गेल्या गेल्या आबांनीच मला विचारलं, "बाय, जागा कुठली?" गाव सांगितलं. कातळ किती, माती किती, पाणी कुठून उतरतं, गुरं येतात का, सगळं विचारून झालं तेव्हा कुठे रोपं दाखवायला उठले. माझ्या आधी लातूरकडचं एक जोडपं आलं होतं, त्यांना त्यांनी बेहड्याचं एकही रोप दिलं नाही. बेहडा तिकडेही होतो, पण आबांचं म्हणणं असं, की इकडची झाडं 3000 मिलिमीटरच्या वर पावसात पिढ्यान्‌पिढ्या तगलेली, यांच्या पोरांना तिकडचा उन्हाळा झेपेलच असं नाही. "तिकडच्याच जुन्या झाडाखालचं बी वेचा, रुजवायचं कसं ते मी फोनवर सांगतो." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

रोपं बघून आधी माझा विरस झाला. वीतभर, कुठे दोन वीत. त्या मोठ्या नर्सरीत कमरेएवढी, चकचकीत पानांची मिळतात. पण इथे प्रत्येक पिशवीला एक पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलेलं: बेहडा 4, बेहडा 9, किंजळ 2. मला वाटलं वाफ्याचा नंबर. तो होता आईचा, म्हणजे ज्या झाडाचं बी त्या झाडाचा नंबर. सूनबाईंनी वही उघडून दाखवली. बेहडा 4 म्हणजे ओढ्याकाठचा, ढोली असलेला. बेहडा 9 पलीकडच्या वाडीच्या देवराईतला. बेहड्याच्या एकूण चौदा आया, सगळ्या एकमेकींपासून लांब.

एवढा खटाटोप का, ते आबांनी हापूसवरून सांगितलं. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. बागेत हापूसची दोनशे कलमं असली तरी स्वभावाने झाड एकच, म्हणून करपा आला किंवा मोहोर गळायला लागला की सगळ्यांचं एकदमच दुखतं. रायवळाचं तसं नाही. एक आंबट, एक बिटकी, एक एप्रिलातच तयार, एक पाऊस लागेपर्यंत हिरवा. जंगल रायवळ हवं. नर्सरीवाल्याने रस्त्याकडेच्या सोयीच्या एकाच झाडाखाली पोतं भरलं, तर हजार रोपं वरून वेगळी दिसली तरी सख्खी नाहीतर सावत्र भावंडंच. ती मोठी होऊन आपापसात फळली की पुढच्या पिढीचं बी कमजोर. आज लावलेलं दिसतं हिरवंगार, फटका बसतो तीस-चाळीस वर्षांनी, आणि तेव्हा बिल दाखवायला आपण नसतो.

मी लगेच अशोकाकडे वळले. खरा, सीतेचा. पट्टी बघितली तर सगळ्यांवर 'अशोक 1'. "हे कसं?" आबा हसले. जवळपास झाडच एक उरलंय, देवळामागचं. बाकीची साल काढून काढून औषधवाल्यांनी संपवली. "दोनच न्या. उरलेली दुसरीकडचं बी मिळालं की." मनात होती सहा, आणली दोन. कोकमाची तक्रारही तिथेच काढली. त्यावर म्हणाले, बियांपासून केलंत तर निम्मे नर येणारच, सगळ्या बायकाच हव्यात तर कलम घ्या. "पण नरांना तोडू नका हो. दोघे-तिघे राहू देत, नाहीतर फळ कुठून धरेल?" कोयता लावायचा म्हणून चार झाडांवर चुन्याची खूण करून ठेवली होती मी. दोन पुसल्या.

बहाव्याचा वाफा मात्र तासभर बघत बसावा असा. एकाच दिवशी पेरलेल्या एकाच शेंगेतल्या बिया, पण एक रोप वीतभर, एकाला नुकती दोन पानं, आणि कितीतरी बिया मातीत अजून गारगोटीसारख्या. मी म्हटलं, बी खराब दिसतंय. सूनबाईंनी एक बी माझ्या तळहातावर ठेवलं. तपकिरी, चपटं, नखाने ओरखडाही उठेना. हे कवच झिजल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. रानात माकडं, कोल्ही आतल्या काळ्या गरासाठी शेंग फोडतात, त्यात बिया चावल्या जातात, पोटातून जातात, काही तशाच पडून राहतात. म्हणून कुठली यंदा उठते, कुठली दोन वर्षांनी. सगळ्या एकदम उठल्या आणि नेमका पावसाने जुलैत ओढ दिली, तर घराणंच बुडालं. पॉलिश पेपरवर घासून घेतल्या तर आठवड्यात रुजतात, पण आबा अर्ध्याच घासतात. बाकीच्या आपल्या सवडीने येऊ देत, म्हणतात. जांभळाचा स्वभाव उलटा. फळ गळतं तेच पावसाच्या तोंडावर, मग जाड कवच पोसायचं कशाला? ते बी चार दिवस उन्हात सुकलं तर मेलं. म्हणून जांभूळ इथे फक्त जूनमध्ये पेरतात, आणि कुणी पाकिटातून जांभळाचं बी विकायला लागला तर सरळ घरी यायचं.

बी बरंचसं देवराईतलं, हे ऐकून मी जरा चपापले. आमच्याकडे राईतली काडीही उचलत नाहीत. आबा गुरवांना विचारून, नारळ ठेवून, फक्त गळलेलं बी वेचतात आणि दर झाडाखाली निम्म्याहून जास्त सोडतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राया म्हणजे जुन्या रानाची तिजोरी असं आपण म्हणत आलो. खरंच आहे ते. पण कित्येक राया एकरभरही नाहीत, आणि भोवती काजू नाहीतर प्लॉटिंग. आतल्या झाडांना सोयरीक करायला लांबचं कुणी उरत नाही. म्हणून आबा तीन राया आणि मधले ओढे मिळून बी गोळा करतात. एका तिजोरीवर भागत नाही, हे कॅशियरला सांगावं लागत नाही.

आता तक्रारी. चाळीस रोपांतली सहा पिशवीत फार दिवस राहिलेली निघाली, तळाशी मुळं जिलबीसारखी फिरलेली. ती कापून लावली, दोन गेली. तीन पिशव्यांच्या मातीतून रानमोडी, ते भराभर पसरणारं तण, उगवली, ती वेळीच उपटली नसती तर पुढच्या वर्षी आम्हाला बांध दिसला नसता. आणि ज्या पट्ट्यांचं एवढं कौतुक केलं त्यांच्यावरची शाई पहिल्या पावसात धुऊन गेली. चौदा आयांचा हिशोब ठेवायचा आणि लिहायचं साध्या मार्करने? मी आदल्या रात्री वहीत उतरवून घेतलं होतं म्हणून वाचले. आबांना पेन्सिलीने लिहा म्हणून सांगितलंय, ती पावसाने जात नाही.

लावून पावणेदोन वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत बेहडा 4 ची पोरं खराट्यासारखी उघडी झाली होती आणि सहा हातांवर 9 ची अजून पानं धरून होती. भाऊजी म्हणाले, ही वाळली, उपटून टाक. त्यांना वही दाखवली.

रोप चाळीस रुपये, अशोक नव्वद. रिकाम्या पिशव्या परत नेल्या तर दोन रुपये सुटतात. रेंज नसते, रोकड न्या. शिमग्यात आणि गणपतीत बंद.