नौपाड्यातील वादविवाद कार्यशाळा : चार शनिवार, एक ठराव

आमची मुलगी नववीत शिकते. पाचवीपासून ती वक्तृत्व स्पर्धांत भाग घेत आली आहे आणि घरात चषकही बरेच जमले आहेत. परंतु ती भाषणे पाठ केलेली असत, त्यांतील निम्मी वाक्ये मीच लिहून दिलेली असत, आणि समोरून कोणी एखादा साधा प्रश्न विचारला तर ती गोंधळून जात असे. त्यामुळे घंटाळी परिसरातील एका लहान सभागृहात आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी वादविवाद कार्यशाळा होणार असल्याचे कळले, तेव्हा आम्ही लगेच तिचे नाव घातले. शुल्क २,४०० रुपये, चार शनिवार, दुपारी तीन ते साडेसहा. अशा कार्यशाळेत मुलांना घालावे की नाही, असा विचार करणाऱ्या पालकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आयोजकांचे नाव मात्र देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत.

चारही शनिवार ठराव एकच होता : ‘अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा वारसा गौरवास पात्र आहे.’ आपल्याकडे विषयांची वानवा आहे का, असा प्रश्न पहिल्याच दिवशी काही पालकांनी विचारला, आणि त्यांत मीही होते. मार्गदर्शक बाईंचे उत्तर मला पटले. आपल्या इतिहासातील व्यक्तींविषयी मुले घरूनच मत घेऊन येतात, आणि मग वाद त्या व्यक्तीचा न राहता घराण्याच्या श्रद्धेचा होतो. जॅक्सन यांची तसबीर ठाण्यातील कोणाच्याही दिवाणखान्यात नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलताना पुराव्याखेरीज दुसरा आधारच उरत नाही.

सुरुवात भाषणाने झाली नाही. बाईंनी प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली वीस डॉलरची खरी नोट मुलांच्या हाती दिली आणि ती रांगेतून फिरू दिली. त्या नोटेवर १९२८ पासून जॅक्सन यांचे चित्र आहे. त्यांच्या जागी गुलामगिरीतून स्वतः निसटलेल्या आणि इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे चित्र आणण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली, तरी आजही नोटेवर जॅक्सनच आहेत. मग राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरच्या लाफायेट चौकातील त्यांच्या अश्वारूढ पुतळ्याचे छायाचित्र दाखवले गेले. हा पुतळा जानेवारी १८५३ मध्ये उभा राहिला, आणि जून २०२० मध्ये आंदोलकांनी तो दोरखंड बांधून पाडण्याचा प्रयत्न केला. त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी आपल्या ठाण्यात आली होती, एवढे एक वाक्य बाईंनी जोडले. त्या वाक्याने मुलांना तो काळ जवळचा वाटू लागला.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि दुसऱ्या शनिवारनंतर त्या उलटल्या. ही पद्धत मला या कार्यशाळेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्या मुलीच्या वाट्याला आधी अनुकूल बाजू आली, आणि ती आठवडाभर हिरमुसली होती, कारण वाचताना तिचे मन केव्हाच प्रतिकूल बाजूकडे गेले होते. तरीही तिला मुद्दे शोधावे लागले आणि ते सापडलेही. १८१५ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे इंग्रजी फौजेचा पराभव करणारा हा सेनापती गरिबीतून वर आलेला होता. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने केंद्राचे जकातीचे कायदे आपल्यापुरते रद्द ठरवले, तेव्हा जॅक्सन यांनी ठाम भूमिका घेऊन संघराज्य फुटू दिले नाही. १८३५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फिटले, जे त्या देशाच्या इतिहासात पुन्हा कधीही घडलेले नाही. मालमत्ता नसलेल्या गोऱ्या पुरुषांना मताधिकार जॅक्सन यांनीच दिला, असेही ती म्हणाली, तेव्हा तो बदल राज्यांनी केला होता आणि बराचसा त्यांच्या निवडीपूर्वीच झाला होता, अशी दुरुस्ती बाईंनी तिथल्या तिथे केली.

तिसऱ्या शनिवारचा प्रसंग मी विसरणार नाही. प्रतिकूल बाजूच्या दहावीतील एका मुलाने फार प्रभावी सुरुवात केली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी या अमेरिकेतील आदिवासी लोकांच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे लागू होत नाहीत असा निकाल दिला, आणि त्यावर ‘सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा’ असे जॅक्सन म्हणाले, असे त्याने खणखणीत आवाजात सांगितले. सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त प्राध्यापकांनी टाळ्या थांबू दिल्या आणि शांतपणे विचारले, “हे वाक्य कुठे छापलेले आहे?” मुलाने वाचनसंचाची पाने उलटली, त्यांत ते नव्हते. प्राध्यापकांनी सांगितले की निकाल खरा आहे, परंतु हे वाक्य वृत्तपत्राचे संपादक होरेस ग्रीली यांच्या १८६४ मधील लेखनातून पसरले, म्हणजे जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी. ते तसेच उच्चारले गेल्याचा समकालीन पुरावा नाही. मुलाचे गुण कापले गेले नाहीत. त्याला दोन मिनिटे दिली गेली आणि तोच मुद्दा त्या वाक्याविना मांडायला सांगितले. तो उभा राहिला, आणि वाक्य बाजूला ठेवून त्याने थेट कायद्याकडे बोट दाखवले : आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा, २८ मे १८३०, सही अँड्र्यू जॅक्सन यांची. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण अनुकूल बाजूकडून उत्तरही लवकर आले नाही.

उत्तर आले ते असे की चेरोकींची जी सक्तीची पायपीट ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखली जाते, ती १८३८-३९ मधील आहे आणि जॅक्सन यांचा कार्यकाळ मार्च १८३७ मध्येच संपला होता. ही तारीख अचूक आहे. त्यावर आमच्या मुलीने, जी आता प्रतिकूल बाजूला होती, पाठ न केलेले असे पहिले वाक्य माझ्यासमोर उच्चारले : “घर रिकामे करण्याची नोटीस ज्याने काढली, तो बेलिफ येण्यापूर्वी बदलून गेला, म्हणून नोटीस दुसऱ्याची होत नाही.” पुढे तिने १८३५ च्या न्यू एकोटा कराराचा दाखला दिला. चेरोकींमधील एका लहान गटाने सह्या केलेला हा करार सिनेटमध्ये आवश्यक दोन-तृतीयांश मतांपेक्षा केवळ एक मत अधिक मिळून संमत झाला होता. हलवल्या गेलेल्या सुमारे १६,००० माणसांपैकी साधारण ४,००० दगावली असावीत असा अंदाज दिला जातो, हे सांगताना तिचा आवाज खाली आला. जॅक्सन यांच्या हर्मिटेज या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत होते, हा मुद्दा वेळ संपल्याची घंटा वाजल्यामुळे अपुरा राहिला.

आता तक्रारी. ३४ मुले एका तुकडीत घेणे योग्य नाही. चार शनिवारांत काहींना एकूण दहा मिनिटेही बोलायला मिळाली नाहीत. गुणपत्रिकेत आवाज आणि हावभावांना ५० पैकी २० गुण होते, जे या कार्यशाळेच्या हेतूलाच छेद देतात. परंतु माझी खरी नाराजी वाचनसंचाविषयी आहे. वाद मराठीत आणि वाचायची चाळीस पाने मात्र सगळी इंग्रजीत, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांचा अर्धा आठवडा शब्दकोशातच गेला. त्याहून वाईट म्हणजे त्या चाळीस पानांत चेरोकी माणसाने लिहिलेला एकही शब्द नव्हता. ज्यांच्या विस्थापनावर हा सगळा वाद उभा आहे, ते केवळ आकड्यांत उरले होते.

वास्तविक ते लिहिणारे लोक होते. सेकोया यांनी तयार केलेल्या लिपीत आणि इंग्रजीत छापलेले ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र फेब्रुवारी १८२८ मध्ये सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतले, जानेवारी १८३२ मध्ये निघाले. ही तुलना मुलीने स्वतः शोधली आणि शेवटच्या फेरीत मांडली, तेव्हा समोरच्या बाजूच्या मुलांनीही वह्या उघडून ती टिपून घेतली. जॅक्सन यांचे राज्यकारभारातील काम पाठ्यपुस्तकात राहावे, संघराज्य राखण्याची त्यांची १८३२ मधील भूमिका शिकवली जावी, मात्र नोटेवर कोणाला बसवायचे हा निवडीचा प्रश्न आहे आणि निवडताना ज्यांना गावे सोडावी लागली त्यांनाही विचारले पाहिजे, असा तिचा समारोप होता. ठराव तीन मतांनी फेटाळला गेला. मतदान करणाऱ्या पालकांपैकी मी अनुकूल बाजूला मत दिले, कारण त्या दिवशी खंडन त्यांनी अधिक चांगले केले होते. मुलगी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांनी सप्टेंबर १८३६ मध्ये अमेरिकी संसदेला पाठवलेले निषेधपत्र शोधून काढले आणि त्यातील दोन परिच्छेद मराठीत उतरवले. माझ्या लेखी तक्रारीसोबत ते पान आम्ही आयोजकांकडे दिले. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचले, एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून तिला दुसरा प्रतिशब्द सुचवला आणि पुढच्या तुकडीच्या संचात ते पान घालण्याचे मान्य केले. पुढची तुकडी २० मुलांचीच असेल, असेही त्यांनी सांगितले आहे.