घर विकायच्या आधी पुढची बाजू करून घेतली, सांगलीतल्या पेंटरचा अनुभव (५ पैकी ४)

आमचं शामरावनगरातलं घर विकायला काढलं तेव्हा पहिले दोन महिने नुसते लोक येऊन जायचे. येऊन जायचे म्हणजे काय, आत पण यायचे नाहीत. एक जोडपं तर गाडीवरनं उतरलंच नाही, बाईने मान वर करून गच्चीच्या कठड्याकडे बघितलं, मग खाली कंपाऊंडकडे, नवऱ्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि गाडी वळली. आई ओट्यावर चहाची तयारी करून बसलेली. एजंट म्हणाला, दादा आतून घर कितीही चांगलं असूदे, लोक गेटवरच ठरवतात आत यायचं का नाही. मला तेव्हा राग आला होता पण दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि खरं सांगतो, मी पण आत गेलो नसतो. सज्ज्याखाली शेवाळाचे काळे ओघळ, गेट गंजलेलं, बोगनवेल पार खिडकीवर चढलेली, आणि कंपाऊंडचा खालचा तीन फुटाचा पट्टा सगळा पोपडे सुटलेला. २०१९ च्या महापुराची देणगी.

तर पेंटर शोधला. तीन जणांचे रेट घेतले. पहिला म्हणाला स्नोसेम (सिमेंटचा रंग) मारू, स्वस्तात होईल, विकायचंच आहे ना. दुसरा म्हणाला खालच्या पट्ट्यावर पुट्टी ओढून सपाट करतो, चार दिवसात मोकळे. मी विचारलं कुठली पुट्टी, तर त्याने दाखवली ती घराच्या आत वापरतात ती ॲक्रिलिकवाली. ती बाहेर पावसात टिकत नाही, बाहेर लावायचीच असेल तर व्हाइट सिमेंटची लागते, एवढं मला पण माहिती होतं. त्याला चहा देऊन पाठवला.

तिसरे हे मामा. नाव इथे टाकत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे आणि माणूस वाईट नाही. आले, रंगाचं काही बोललेच नाहीत, खिशातनं नाणं काढलं आणि कंपाऊंडवर टकटक करत गेले. एका ठिकाणी ठणठणीत आवाज, दोन फूट पुढे गेलं की भद्द. "दादा ही भिंत पाणी प्यालीया. लोणा धरलाय. वरनं कायबी लावा, एका पावसाळ्यात फुगून येतंय." म्हणजे पुराचं पाणी भिंतीत मुरलं, त्यातले क्षार वाळताना वर येतात आणि रंगाला आतून ढकलतात, म्हणून ती पांढरी मिठासारखी बुकटी दिसते. ते म्हणाले खालचं प्लास्टर विटेपर्यंत काढा, वाळू द्या, परत करा, सात-आठ दिवस पाणी मारा आणि मग महिनाभर रंगाचं नाव काढू नका. मी म्हटलं मामा मला घर विकायचंय, राहायचं नाही. तर म्हणाले मग घेणाऱ्यानं माझ्या नावानं बोंब मारायची व्हय. इथेच मी काम त्यांना दिलं.

डिसेंबरात प्लास्टर काढलं, जानेवारीच्या शेवटी रंग. हे लिहितोय कारण बरेच जण मे महिन्यात जागे होतात आणि मग पावसाच्या तोंडावर घाईत ओल्या भिंतीवर रंग मारतात. आपल्याकडे दिवाळी झाली की बाहेरच्या रंगाला हात घालायचा, तोवर भिंती पण सुकलेल्या असतात.

कामाचं सांगतो. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, भेगा फोडून भरल्या, प्रायमर, मग एक्स्टिरियर इमल्शनचे दोन हात, एशियनचा एपेक्स घेतला होता. पाणी मिसळताना मी शेजारी उभा होतो (मामांना ते आवडलं नाही). बादलीवर लिहिलेलं असतं किती पाणी घालायचं, पण बरेच पेंटर पसरायला सोपं जावं म्हणून पातळ करतात आणि मग वर्षभरात भिंत फिकट पडते. यांनी तसं केलं नाही. गेट आणि ग्रील पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) आणि वर काळा ऑइलपेंट. माझं प्रामाणिक मत, सगळ्यात जास्त फरक गेटने पडला. खर्च सगळ्यात कमी तिथे, आणि येणारा माणूस पहिला हात लावतो तो गेटच्या कडीला. ती कडी आधी दोनदा उचलून आपटायला लागायची, वेल्डरकडून बिजागरी नीट करून घेतली, आता एका बोटाने उघडते.

रंगावरून घरात आठवडाभर वाद. आईला अबोली पाहिजे होता, बहीण दुबईवरून व्हॉट्सॲपवर गडद राखाडीचे फोटो पाठवत होती. मामांनी भिंतीवर तीन फूट बाय तीन फूट असे दोन पट्टे मारून दाखवले, म्हणाले सकाळी पण बघा आणि चारला पण बघा. शेडकार्डवर जो बदामी होता तो पश्चिमेच्या उन्हात चक्क पिवळा दिसत होता. शेवटी मोतिया घेतला आणि कठड्याला फक्त राखाडी पट्टी. तुळशीवृंदावनाला आईने स्वतः गेरू लावला, तिथे कुणाला ब्रश लावू दिला नाही.

आता तक्रारी. रंगाला आठ दिवस म्हणाले होते, चौदा लागले, कारण मध्येच दोन पोरं गावच्या जत्रेला गेली आणि फोन बंद. शहाबादी ओट्यावर काही अंथरलं नाही, रंगाचे थेंब आम्हीच ब्लेडने खरवडत बसलो. खिडकीच्या काचांवर अजून शिंतोडे आहेत. आणि सामान आमचं होतं, एक २० लिटरची बादली आणि वर ४ लिटरचा डबा, तो डबा उघडलेला मी पाहिलाच नाही पण संपला म्हणाले.

एकूण ४१ हजाराच्या आसपास गेले, त्यात प्लास्टरचेच १२. किंमत वाढली का? एजंट म्हणतो वाढली, एजंट काहीही म्हणतो. मला एवढंच दिसलं की नंतर आलेले सगळे आत आले.

एक गोष्ट राहिली. गेटच्या खांबाला बाबांनी पुराच्या पाण्याची रेघ मारून ठेवलेली, "ऑगस्ट २०१९" असं ऑइलपेंटने लिहिलेलं. एजंट म्हणाला ती पहिली पुसा. मी गप्प बसलो, मला पण तेव्हा तसंच वाटत होतं. पण मामांनी रंगवताना ती रेघ तेवढी सोडली, बाजूने बारीक ब्रश फिरवला. विचारलं तर म्हणाले, तुमच्या वडलांचं अक्षर हाय, तुम्हीच पुसा. नाही पुसली. मार्चमध्ये जे घेणारे आले त्यांनी पहिलं तेच बघितलं. सांगितलं खरं काय ते, तेव्हा आत तीन फूट, २०२१ ला पायरीपर्यंत. ते म्हणाले आम्ही सांगलीच्याच गावभागातले, आमच्याकडे माळ्यावर चढून बसलेलो, बाकीच्या घर विकणाऱ्यांनी तर आम्हाला इथे पाणी आलंच नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी पण नखाने खालचं प्लास्टर टोकरून बघितलं, गच्चीवर गेले, टाकी बघितली, पाऊण लाख पाडून मागितले आणि टोकन दिलं.

मामांचा नंबर पाहिजे असेल तर मेसेज करा. फक्त ओट्यावर जुनी चादर तुम्हीच अंथरा आणि डबे मोजून ठेवा.